दीडशे डॉलरची ‘सूट’ आणि नाशिकचं लसीकरण कार्ड

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका नवऱ्याच्या नोकरीमुळे जूनमध्ये नाशिक जिल्ह्यातून टेक्सासला, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहायला आल्या. मुलगा पाच वर्षांचा. ऑगस्टमध्ये त्याचं किंडरगार्टन सुरू होणार. शाळेच्या ऑफिसने प्राथमिक आरोग्य केंद्रातलं लसीकरण कार्ड पाहिलं, ‘अपूर्ण’ असा शेरा मारला आणि एक यादी हातात ठेवली. लशी पूर्ण करा किंवा एक्झेम्प्शनचा, म्हणजे लशींतून सूट घेतल्याचा कागद आणा, नाहीतर प्रवेश नाही. नवऱ्याच्या कंपनीचा इन्शुरन्स सप्टेंबरपासून लागू होणार आहे. एका खाजगी क्लिनिकने रोखीने बाराशे डॉलरच्या वर आकडा सांगितला. मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मैत्रीण म्हणाली, “कशाला त्या भानगडीत पडतेस, एक्झेम्प्शन घेऊन टाक. एक वेबसाइट 149 डॉलरमध्ये सगळे कागद करून देते, नोटरीचे तेवढे वेगळे.” नवरा म्हणतो, देऊन टाकू आणि मोकळे होऊ. सासूबाई फोनवर म्हणतात, सगळ्या लशी झाल्यात त्याच्या, आता आणखी किती टोचणार पोराला? पत्रलेखिका विचारतात, “149 डॉलर जास्त आहेत का? हा कागद याहून स्वस्तात कुठे मिळेल? आणि सही करायचं म्हटलं की मनात काहीतरी खटकतं. ते उगीच आहे का?”

---

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सरळ आहे. होय, 149 डॉलर जास्त आहेत. तो फॉर्म फुकट मिळतो.

टेक्सासमध्ये शाळेसाठीच्या लशींतून सूट मागण्याचं ॲफिडेव्हिट राज्याचं आरोग्य खातं देतं आणि त्यासाठी एक पैसा घेत नाही. पूर्वी खात्याकडे विनंती करावी लागायची, मग फॉर्म टपालाने घरी यायचा. 1 सप्टेंबर 2025 पासून तो खात्याच्या वेबसाइटवरून कोणालाही उतरवून घेता येतो. त्यावर नोटरीसमोर सही करावी लागते. पहिल्या सहीसाठी नोटरीने दहा डॉलरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, अशी मर्यादा कायद्यानेच घातलेली आहे. ऑनलाइन नोटरी केली तर वर आणखी पंचवीस डॉलरपर्यंत लागू शकतात. बऱ्याच बँका आपल्या खातेदारांना हे काम विनामूल्य करून देतात. म्हणजे ती वेबसाइट तुम्हाला सरकारचा फुकटचा कागद दीडशे डॉलरला विकते आहे. त्या पैशात तुम्हाला कोणता जास्तीचा हक्क मिळणार नाही, आणि ‘आमचा फॉर्म शाळा नाकारत नाही’ असं कोणी सांगत असेल तर ती नुसती विक्रीची भाषा आहे.

पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटतं, तुम्ही भाव विचारताय तो कागदच तुमच्या कामाचा नाही.

तुम्ही लिहिलंय, “पेंटाच्या (पाच लशींच्या एकत्र इंजेक्शनच्या) तिन्ही तारखा मला अजून पाठ आहेत. आशाताई आदल्या दिवशी घरी येऊन आठवण करून जायच्या.” हे लिहिणाऱ्या आईचा लशींना काही आक्षेप आहे असं मला दिसत नाही. टेक्सासची ही सूट 2003 पासून आहे आणि ती ‘सदसद्विवेकबुद्धीच्या कारणासाठी’ आहे. धार्मिक श्रद्धाही त्यात धरलेली आहे. त्या ॲफिडेव्हिटवर सही करणं म्हणजे माझ्या विवेकाला ही लस पटत नाही असं शपथेवर सांगणं. तुमच्या विवेकाला तर ती पटते. तुमची अडचण एवढीच आहे की एका देशाचं कार्ड दुसऱ्या देशाच्या चौकटीत बसत नाही आणि मधल्या काळात इन्शुरन्स नाही. सही करताना जे खटकतंय ते उगीच नाही. परक्या देशात, नव्या व्हिसावर, शपथेच्या कागदावर जे खरं नाही ते लिहू नये, हे तुम्हाला आतून कळतंय.

ज्यांचा खरोखर तसा विश्वास आहे, त्यांना टेक्सासचा कायदा हा मार्ग देतो. मला तो निर्णय पटत नसला तरी त्यांचा हक्क मी नाकारत नाही. त्यांनाही माझं एवढंच सांगणं की फॉर्म सरकारकडून घ्या, दलालाकडून नको. तुमची गोष्ट वेगळी आहे.

कार्ड ‘अपूर्ण’ का ठरलं

सासूबाई म्हणतात, सगळ्या लशी झाल्यात. त्या बरोबर आहेत. महाराष्ट्रातल्या सरकारी वेळापत्रकाप्रमाणे तुमचा मुलगा पूर्ण लसवंत आहे. शाळा म्हणते अपूर्ण, आणि शाळाही तिच्या नियमाने बरोबर आहे. दोन वेळापत्रकांमध्ये फरक आहे, तो एकदा नीट समजून घेतला की यादीची भीती वाटणार नाही. किंडरगार्टनसाठी टेक्सास सहा गोष्टी मागतं : घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लशीचे पाच डोस, पोलिओचे चार, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआरचे दोन, कांजिण्यांचे दोन, हिपॅटायटिस ए चे दोन आणि हिपॅटायटिस बी चे तीन. पोलिओचा आणि घटसर्पाच्या लशीचा शेवटचा डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा लागतो.

आता तुमचं कार्ड घ्या. सरकारी कार्यक्रमात आपल्याकडे गोवर-रुबेलाची ‘एमआर’ देतात. तिच्यात गालगुंडाचा भाग नाही. शिवाय पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिला जातो, आणि इथे पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस शाळेसाठी धरत नाहीत. म्हणून दोन वेळा एमआर होऊनही एमएमआरचा रकाना रिकामाच राहतो. हिपॅटायटिस ए आणि कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाहीच. नाशिक-पुण्यातले खाजगी बालरोगतज्ज्ञ देतात, आरोग्य केंद्रात मिळत नाही. हिपॅटायटिस बी जन्मतः आणि मग पेंटामधून तीनदा मिळाली, पण तिसरा पेंटा चौदा आठवड्यांना होतो आणि इथल्या नियमाप्रमाणे या लशीचा शेवटचा डोस बाळ चोवीस आठवड्यांचं झाल्यावरच हवा. त्यामुळे बहुधा एक डोस पुन्हा सांगतील. आपण पोलिओचे थेंब इतके पाजले, पल्स पोलिओच्या रविवारी बोटाला शाई लावून आणली, तरी एप्रिल 2016 नंतरचे थेंब इथे मोजत नाहीत. तेव्हापासून थेंबांतली लस तीनऐवजी दोन प्रकारच्या विषाणूंची आहे आणि अमेरिकेत तिन्ही प्रकारांपासून संरक्षण मागतात. कार्डावर इंजेक्शनने दिलेल्या पोलिओ लशीची, म्हणजे आयपीव्हीची, नोंद असेल तर ती डॉक्टरला मुद्दाम बोट ठेवून दाखवा. आरोग्य केंद्रात ती कमी मात्रेत, कातडीत देतात, खाजगीत पूर्ण मात्रेत. कोणती झाली ते डॉक्टरला कळायला हवं.

घटसर्पाच्या लशीचे चार डोस मात्र तुमच्या कार्डावर असणार : तीन पेंटा आणि दीड-दोन वर्षांचा बूस्टर. पाचवा आपल्याकडेही पाच-सहा वर्षांनाच देतात. तो तुम्ही नाशिकला असता तरी आत्ता द्यावाच लागला असता.

आणि एक गोष्ट, जी तुमच्यासारख्या असंख्य घरांना नडते. ती म्हणजे तारखा. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. इथे आधी महिना. समजा फेब्रुवारी 2021 मध्ये जन्मलेल्या मुलाच्या कार्डावर पेंटाच्या तारखा अशा आहेत : 06/04/2021, 04/05/2021, 01/06/2021. आपण वाचतो सहा एप्रिल, चार मे, एक जून. अगदी चोख, अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने. शाळेच्या ऑफिसातली बाई वाचते चार जून, पाच एप्रिल, सहा जानेवारी. पहिला डोस दुसऱ्याच्या नंतर आणि तिसरा डोस मूल जन्मायच्या आधी! असं कार्ड समोर आलं की कोणीही ‘नोंद ग्राह्य नाही’ असंच लिहिणार. त्यातून कार्ड मराठीत, अक्षर घाईचं, शिक्का अर्धा उमटलेला.

म्हणून नवीन काही करण्याआधी एक संध्याकाळ या कार्डासाठी काढा. कोऱ्या कागदावर इंग्रजीत प्रत्येक डोस लिहून काढा. लशीचं पूर्ण नाव, आणि तारखेतला महिना अक्षरी, म्हणजे 6 एप्रिल 2021 असा. खाली आरोग्य केंद्राचं नाव, तालुका, जिल्हा. मूळ कार्डाचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो जोडा. तुमचा हा कागद शाळेला पुरावा म्हणून चालणार नाही. तो डॉक्टरसाठी आहे. इथला डॉक्टर किंवा क्लिनिक मूळ कार्डाशी ताडून ते डोस आपल्या नोंदीत चढवतं, सही-शिक्क्याचा लसीकरणाचा दाखला छापून देतं, आणि शाळेला तोच लागतो. कार्डावरचं एखादं पान फाटलं असेल तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना फोन करायला लाजू नका. तिथल्या नोंदवहीत तारखा असतात आणि व्हॉट्सॲपवर फोटो यायला दोन मिनिटं लागतात. घरात आणखी लहान मूल असेल तर भारतातल्या यू-विन पोर्टलवर त्याची नोंद झालीय का तेही विचारा. तिथून मिळणारं प्रमाणपत्र छापील असतं, त्यात अक्षर लावत बसावं लागत नाही.

बाराशे डॉलर आणि इन्शुरन्स नसणं

इन्शुरन्स नाही म्हणून लशी परवडत नाहीत, असं तुम्ही धरून चाललात. साहजिक आहे, या देशात इन्शुरन्स नसला की प्रत्येक गोष्ट महाग. लहान मुलांच्या लशी हा त्याला अपवाद आहे, आणि तो अपवाद विचारपूर्वक केलेला आहे. 1989 ते 1991 या काळात अमेरिकेत गोवराची मोठी साथ आली. पंचावन्न हजारांच्या आसपास रुग्ण, शंभराहून जास्त मृत्यू. आजारी पडलेल्यांतली पुष्कळ मुलं डॉक्टरकडे जात होती, तरी पैशाअभावी त्यांच्या लशी राहिल्या होत्या. त्यानंतर ‘व्हॅक्सीन्स फॉर चिल्ड्रन’ ही केंद्र सरकारची योजना आली आणि 1994 पासून ती चालू आहे. एकोणीस वर्षांखालचं ज्या मुलाला इन्शुरन्स नाही, जे मेडिकेडला (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याला) पात्र आहे, किंवा ज्याचा इन्शुरन्स लशींचे पैसे देत नाही, त्याला लस मोफत मिळते. स्थलांतराचा दर्जा ही या योजनेची अट नाही.

याचा अर्थ, सप्टेंबर उजाडेपर्यंत तुमचा मुलगा या योजनेत बसतो. ज्याला तुम्ही अडचण म्हणताय त्याच कारणाने.

टेक्सासमध्ये या योजनेला ‘टेक्सास व्हॅक्सीन्स फॉर चिल्ड्रन’ म्हणतात, क्लिनिकवाले टीव्हीएफसी. काउंटीचं (इथल्या जिल्ह्याचं) आरोग्य केंद्र, सामुदायिक दवाखाने आणि बरेच खाजगी बालरोगतज्ज्ञही त्यात असतात. 2-1-1 या नंबरवर फोन केला तर जवळचं ठिकाण सांगतात. लशीचे पैसे घेत नाहीत. टोचण्याचा आकार मात्र दर इंजेक्शनमागे घेऊ शकतात. त्यालाही मर्यादा आहे, आणि तो देणं जमत नसेल तर या योजनेतली लस नाकारता येत नाही. तुम्हाला बाराशेचा आकडा सांगणाऱ्या क्लिनिकने काही फसवलं नाही. त्यांनी खाजगी साठ्यातल्या लशींचा रोखीचा दर सांगितला. तुम्ही विचारलंही तेच असणार, “रोख किती?” आता फोन कराल तेव्हा प्रश्न बदला : “माझ्या मुलाला सध्या इन्शुरन्स नाही, तुम्ही टीव्हीएफसीमध्ये आहात का? टोचण्याचे किती? तपासणीची फी वेगळी आहे का? शाळेचा फॉर्म भरून द्यायचे काही घेता का?” हे चारही प्रश्न फोनवरच विचारून घ्या. टाळता येण्याजोगा खर्च बहुतेक वेळा तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात लपलेला असतो. नुसत्या लशीसाठी नर्सकडे वेळ घेता येत असेल तर डॉक्टरच्या पूर्ण तपासणीची फी वाचते.

ज्या वाचकांकडे कंपनीचा इन्शुरन्स चालू आहे त्यांच्यासाठी : नियमित वेळापत्रकातल्या लशी नेटवर्कमधल्या, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरकडे घेतल्या तर सहसा कोपे, म्हणजे दर भेटीला आपल्या खिशातून द्यायची रक्कम, लागत नाही. बिल येतं ते बहुधा डॉक्टर नेटवर्कबाहेरचा निघाल्यामुळे, किंवा त्याच भेटीत दुसऱ्या तक्रारीची तपासणी झाल्यामुळे. आणि विमानात बसताना घेतलेला प्रवासाचा इन्शुरन्स लशींसाठी जमेत धरू नका.

शाळा चुकणार नाही

तुमच्या नवऱ्याच्या ‘देऊन टाकू आणि मोकळे होऊ’मागे ऑगस्टची तारीख आहे, हे मला समजतं. नव्या देशात पहिल्याच दिवशी पोराला दारातून परत पाठवलं तर काय, ही धास्ती खरी आहे. पण सगळे डोस पूर्ण होईपर्यंत शाळा बंद, असा नियम नाही. मागितलेल्या प्रत्येक लशीचा निदान एक डोस झालेला असेल आणि पुढचा डोस थकलेला नसेल, तर मुलाला तात्पुरता प्रवेश देता येतो. मग शाळेची नर्स दर तीस दिवसांनी नोंद बघते आणि ठरल्या वेळी पुढचे डोस होताहेत ना याची खात्री करते. एमएमआरचा दुसरा डोस अठ्ठावीस दिवसांनी घेता येतो, हिपॅटायटिस ए चा सहा महिन्यांनी. म्हणजे जुलैत एक भेट झाली की दारं उघडली. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंना हे विचारलं तर त्या कदाचित यादीच पुन्हा पुढे करतील. स्कूल नर्सशी बोलायचंय असं सांगा.

त्या एका भेटीत पाच-सहा लशी निघतील, आणि सासूबाईंचा प्रश्न इथेच आहे. त्यांना सांगा, ज्या पेंटाला त्या स्वतः नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या एका सुईत पाच लशी होत्या. इथेही या वयाला घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात आणि पोलिओ एकाच इंजेक्शनमध्ये मिळू शकतात. क्लिनिकला तसं विचारा. एमएमआर आणि कांजिण्यांची लस या दोन्ही जिवंत विषाणूंच्या आहेत. त्या एकाच दिवशी द्याव्या लागतात, नाहीतर मध्ये निदान अठ्ठावीस दिवस जाऊ द्यावे लागतात. म्हणून ‘एक आज, एक पुढच्या आठवड्यात’ असं दयेपोटी मागू नका, तारखा बिघडतील. गोवर-रुबेला आधी मिळालेली असताना एमएमआर घेतल्याने अपाय होत नाही. दुसऱ्या दिवशी दंड दुखेल, थोडा ताप येईल, त्या दिवशी मऊ भात आणि भरपूर लाड.

कोणी सांगेल की रक्ततपासणी करून प्रतिकारशक्ती आहे हे दाखवा, म्हणजे टोचायला नको. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि दोन्ही हिपॅटायटिससाठी टेक्सास तसा पुरावा मान्य करतं. तरी पाच वर्षांच्या मुलासाठी मी त्या वाटेला जाणार नाही. तपासणीचे पैसे योजनेत नाहीत, सुई टोचायचीच आहे, आणि गालगुंडाची लस मिळालेलीच नसताना रक्तात ती प्रतिकारशक्ती सापडण्याची आशा कशावर धरायची?

कांजिण्यांचं मात्र वेगळं आहे, आणि तुमच्या पत्रातली एक ओळ मला फार मोलाची वाटली. तुम्ही सहज लिहिलंय की गेल्या वर्षी मे महिन्यात त्याला कांजिण्या आल्या होत्या, आजीने कडुनिंबाचा पाला टाकून अंघोळ घातली होती. टेक्सासमध्ये ज्या मुलाला कांजिण्या होऊन गेल्या आहेत, त्याच्या पालकाने तसं लेखी दिलं तरी ते चालतं. मुलाचं नाव, अमुक तारखेच्या सुमारास कांजिण्या झाल्या होत्या, म्हणून लसीची गरज नाही, एवढा मजकूर आणि तुमची सही. हे एक्झेम्प्शन नाही आणि याला फी नाही. एकच अट, ते खरं असावं. अंगावर पुरळ म्हणजे कांजिण्याच असं नसतं. उन्हाळ्यातलं घामोळं, किडे चावल्याच्या गांधी, हातापायांवर आणि तोंडात फोड येणारा दुसरा एक ताप, हे सगळं घरोघरी ‘कांजिण्याच’ ठरतं. तेव्हा डॉक्टरने पाहिलं होतं का, पाण्याने भरलेले फोड पोट-पाठीवरून सुरू होऊन सगळीकडे गेले होते का, घरात आणखी कोणाला झाल्या होत्या का, हे सासूबाईंना विचारा. खात्री असेल तर लिहा. शंका असेल तर लस घ्या.

ती सही पुढे काय मागते

तुमच्या मैत्रिणीला एक्झेम्प्शन हा एकदाच करून टाकायचा कागद वाटतो. तसं नाही. टेक्सासचं हे ॲफिडेव्हिट दोन वर्षं चालतं, नंतर पुन्हा फॉर्म, पुन्हा नोटरी. काही खाजगी शाळा ते मान्यच करत नाहीत. आणि राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी साथ जाहीर केली तर सूट घेतलेल्या मुलांना शाळेबाहेर ठेवता येतं, हे त्या नियमातच आहे. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आलेल्या, लस न झालेल्या मुलाला 21 दिवस घरी ठेवायला सांगतात.

हे कागदावरचं भय नाही. जानेवारी 2025 मध्ये पश्चिम टेक्सासच्या गेन्स काउंटीत गोवर सुरू झाला. तिथल्या किंडरगार्टनमधल्या सुमारे 82 टक्के मुलांचीच एमएमआर पूर्ण होती. गोवर पसरू नये म्हणून 95 टक्क्यांच्या आसपास लागतात. 18 ऑगस्टला साथ संपल्याचं जाहीर झालं तोवर राज्यात 762 रुग्ण नोंदले गेले होते आणि शाळेच्या वयाची दोन मुलं दगावली होती. दोघांनाही लस दिलेली नव्हती. तुमच्या मुलाला गोवराचा काहीएक आधार आहे, तुम्ही तो वेळच्या वेळी दिलात. पण ते ॲफिडेव्हिट दिलं की शाळेच्या दफ्तरी तो ‘लस न घेतलेला’ होतो. रांगेत उभं राहून त्याच्यासाठी जे कमावलंत ते तुमच्याच सहीने पुसलं जाईल. मला सगळ्यात जास्त हेच लागतंय.

मैत्रिणीवर रागावू नका. तिच्याही घरी कदाचित असंच मराठी कार्ड असेल आणि तिलाही कोणी ते वाचून दाखवलं नसेल. तिला हे पत्र पाठवा.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी

नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून टेक्सासच्या बहिणीचा सल्ला न्यू जर्सीत चालवू नका. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मेन या राज्यांत श्रद्धेच्या किंवा वैयक्तिक मताच्या कारणाने शाळेसाठी सूट नाही, फक्त वैद्यकीय कारणाने मिळते. तिथे कोणी ‘धार्मिक सूट’ विकत असेल तर ते पैसे पाण्यात. कॅलिफोर्नियात एकेकाळी काही डॉक्टर शेकड्यांनी डॉलर घेऊन वैद्यकीय सूट लिहून द्यायचे. 2019 मध्ये कायदा कडक झाला, आणि 2021 पासून हे फॉर्म राज्याच्या ऑनलाइन यंत्रणेतूनच निघतात. तो फॉर्म भरून देण्याबद्दल डॉक्टरला फी घेता येत नाही, म्हणून मागितली तर तसं सांगा. न्यू जर्सीत धार्मिक कारणासाठी पालकांचं सहीचं निवेदन लागतं, त्याला फी नाही. युटामध्ये आरोग्य केंद्रात समक्ष समुपदेशन घेतलं तर पंचवीस डॉलरपर्यंत फी लागू शकते. तोच माहितीचा भाग ऑनलाइन केला तर तो मोफत आहे.

ज्यांच्या मुलाला खरंच वैद्यकीय कारण आहे, म्हणजे कॅन्सरचे उपचार चालू आहेत, प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष आहे, आधीच्या डोसनंतर जीवघेणी ॲलर्जी आली होती, त्यांनी मात्र मुळीच संकोच करू नये. ती सूट अशाच मुलांसाठी आहे. टेक्सासमध्ये त्यासाठी अमेरिकेत परवाना असलेल्या आणि मुलाला तपासलेल्या डॉक्टरचं पत्र लागतं. पुण्याच्या डॉक्टरची फाइल जरूर न्या, पण सही इथल्या डॉक्टरची. कायमच्या आजाराचा उल्लेख नसेल तर ते पत्र एक वर्षच चालतं, म्हणून तसा आजार असेल तर तो शब्द पत्रात आहे ना ते तिथेच वाचून घ्या.

आणि ‘टोचायचं नाही, गोळ्या देतो, दाखला देतो’ असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. आपल्या घरांत होमिओपॅथीवर विश्वास असतो, म्हणून हे स्पष्ट सांगते. जानेवारी 2024 मध्ये न्यूयॉर्क राज्याने अशा एका मिडवाइफला, म्हणजे परवानाधारक सुईणीला, 3 लाख डॉलरचा दंड केला. तिने लशींऐवजी होमिओपॅथीच्या गोळ्या देऊन लसीकरणाच्या खोट्या नोंदी केल्या होत्या. सुमारे 1,500 शाळकरी मुलांच्या नोंदी रद्द झाल्या आणि लशी पूर्ण करायला लागेपर्यंत त्या मुलांना शाळेत परत घेतलं नाही.

आता तुमच्याकडे परत येते. सोमवारी सकाळी 2-1-1 ला फोन करा. शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यांत काउंटीच्या केंद्रांवर फार गर्दी होते, म्हणून जुलैतलीच तारीख मागा. जाताना मूळ कार्ड, तुम्ही केलेला इंग्रजी तक्ता, पासपोर्ट आणि शाळेची यादी बरोबर घ्या. निघताना छापील दाखला हातात घेऊनच निघा आणि पुढच्या डोसच्या तारखा नर्सकडून लिहून घ्या, महिना अक्षरी. दाखल्याची एक प्रत शाळेच्या नर्सला द्या, एकीचा फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये ठेवा. इन्शुरन्स सुरू झाला की क्लिनिकला तसं कळवा, कारण त्यानंतरचे डोस योजनेऐवजी इन्शुरन्समधून जातील आणि क्लिनिक तुमच्या नेटवर्कमध्ये आहे का ते तेव्हाच विचारून घ्यावं लागेल. दुसऱ्या एमएमआरची तारीख बहुधा शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येईल. ती शुक्रवारी दुपारची मागा, म्हणजे दंड दुखलाच तर शनिवार-रविवार हाताशी आहेत.